‘ताई, लिहायला कधी लागेल?’ बालवाडीची उद्दिष्टं ठरवण्यापासून वर्षाची आखणी करण्यापर्यंत

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की बहुतेक आया दारातच विचारतात, “ताई, लिहायला कधी लागेल?” मूल असतं तीन वर्षांचं. एका हातात आईचा पदर, दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात. पहिली दोन वर्षं मी बिनधास्त सांगायचे, “दिवाळीपर्यंत लिहील की!” आणि ते खरं करायला टिंबांवरून गिरवायच्या वह्या आणल्या. एक मुलगा पेन्सिल इतकी दाबायचा की पान फाटायचं. पान फाटलं की तो रडायचा आणि मी नवं पान काढून द्यायचे. नोव्हेंबरात त्याने बालवाडीत येणंच बंद केलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण अभ्यासक्रमाची सुरुवात शेवटच्या पानापासून केली आहे.

गल्लीत किंवा वाडीवर नव्याने बालवाडी सुरू करणाऱ्या ताईंसाठी, अंगणवाडीत नुकत्याच रुजू झालेल्या सेविकांसाठी, आणि घरी मुलाला काय शिकवावं हे न उमगलेल्या पालकांसाठी हे लिहिते आहे. पायऱ्या क्रमाने दिल्यात, पण वाचताना हवी ती आधी उघडा.

आधी थोडं मागे

‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग. हा शब्द फ्रोबेल या जर्मन शिक्षकाचा. त्याने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिलं. त्याची साधनं म्हणजे लोकरीचे चेंडू आणि लाकडी गोल, घन नि ठोकळे. अक्षरांची तक्ती त्यात नव्हती. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत ‘बालगृह’ उघडलं, तिथेही मुलं आधी बटणं लावायला, पाणी ओतायला शिकत. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

मला सगळ्यात जवळची वाटते ती पुढची गोष्ट. १९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळ बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेलं. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. महागडी विदेशी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, शंख-शिंपले हाताशी घेतले. आज सरकारी योजनेत आपण ‘अंगणवाडी’ म्हणतो (ती योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली), त्यामागची कल्पना ही आहे. साधनं विकत आणायला पैसे नाहीत म्हणून कुणी अडून बसलं, तर त्याला मी कोसबाडची आठवण करून देते.

अलीकडचं सांगायचं तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षांचा ‘पायाभूत स्तर’ एकसंध मानला. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी असा तो धरलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात एकूण १३ अभ्यासक्रमीय उद्दिष्टं आहेत. शारीरिक विकास, सामाजिक-भावनिक-नैतिक विकास, बौद्धिक विकास, भाषा आणि साक्षरता, सौंदर्यदृष्टी आणि संस्कृती ही पाच क्षेत्रं, आणि त्यांच्या जोडीला शिकण्याच्या चांगल्या सवयी. कागद मोठा आहे, भाषा जड आहे. पण गाभा साधा आहे, आणि तोच आपण आपल्या खोलीत उतरवायचा.

पायरी पहिली: उद्दिष्ट डोळ्यांना दिसेल असं लिहा

२०२१ मध्ये आलेल्या ‘निपुण भारत’ या सरकारी अभियानात बालशिक्षणाची उद्दिष्टं तीन वाक्यांत बसवली आहेत. माझ्या शब्दांत सांगते. मूल निरोगी आणि आनंदात असावं. त्याला आपल्या मनातलं सांगता यावं, दुसऱ्याचं कळावं. आणि भोवतालच्या गोष्टींत रस घेऊन ते शिकत राहावं. भिंतीवर लावायला हे छान आहे. पण सोमवारी सकाळी साडेनऊला काय करायचं, ते यातून समजत नाही.

म्हणून एक वही घ्या. प्रत्येक उद्दिष्टाखाली ‘मूल’ या शब्दाने सुरू होणारी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या क्रियेने संपणारी वाक्यं लिहा. ‘सर्वांगीण विकास होतो’ हे दिसत नाही. ‘मूल चप्पल उजव्या-डाव्या पायात बरोबर घालतं’ हे दिसतं. ‘आत्मविश्वास वाढतो’ दिसत नाही. ‘मूल नवीन पाहुण्याला आपलं नाव सांगतं’ हे दिसतं, ऐकूही येतं.

मग तेच वाक्य वयाप्रमाणे चढवत न्या. हात धुण्याचं उदाहरण घ्या. तीन वर्षांचं मूल आठवण केल्यावर हात धुतं आणि अर्धं पाणी सदऱ्यावर सांडतं. चार वर्षांचं स्वतःहून उठतं, साबण लावतं. पाच वर्षांचं नळ बंद करतं आणि शेजारच्याला ओरडतं, “ए, साबण नाही लावलास तू!” हा ओरडणारा भाग मला फार आवडतो. नियम अंगी मुरल्याशिवाय मूल दुसऱ्याला सांगायला जात नाही.

एका क्षेत्रात सात-आठ वाक्यं पुरेत. पन्नास लिहिलीत तर वही कपाटात जाईल.

पायरी दुसरी: क्षेत्रं समजून घ्या, पण तासिका पाडू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. वेळापत्रकात ‘९.३० भाषा, १० गणित, १०.३० शारीरिक’ असं लिहिलं की बालवाडी ही पहिलीची लहान आवृत्ती होऊन बसते. भातुकलीत दोन मुली चार बाहुल्यांना चार बोळक्यांत ‘आमटी’ वाढत असतात, तेव्हा त्या मोजत असतात, बोलत असतात, वाटून घेत असतात आणि बोटंही चालवत असतात. क्षेत्रं म्हणजे त्या एकाच खेळाकडे आपण कुठून बघायचं, त्या जागा.

*शरीर आणि हात.* धावणं, चढणं, लंगडी, तोल सांभाळणं यांना रोज मोकळी जागा हवीच. अंगण नसेल तर जमिनीवर खडूने वेडीवाकडी रेघ काढा आणि तिच्यावरून डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावा. पण लिहिण्याचा प्रश्न असतो हाताचा, म्हणून त्यावर जरा थांबते. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून टणक होत जातात. तीन वर्षांच्या मुलाला सरळ रेषेत ‘ग’ काढायला लावणं म्हणजे ओल्या मातीच्या विटांवर भिंत रचणं.

हाताला तयार करायचा क्रम माझ्याकडे असा आहे. पहिले काही महिने कणिक आणि माती. मळणं, लाटणं, चिमटे काढणं, लांब वळ्या करून त्यांचा साप करणं. मग फाडणं: जुनी वर्तमानपत्रं हवी तेवढी फाडू द्या, नंतर पट्ट्या फाडायला सांगा. मग सोलणं. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त झाले की मी दोन किलो आणते. शेंग दोन्ही हातांत धरायची, अंगठ्याने शिवण दाबायची, ‘टक’ आवाज झाला की उघडायची आणि अंगठा आतून फिरवून दाणे वाटीत पाडायचे. एका शेंगेत दोन्ही हातांची वेगवेगळी कामं, बोटांची चिमूट, दाब किती द्यायचा याचा अंदाज, शिवाय ‘माझ्यात सात, तुझ्यात पाच’. बाजारात एवढं पुरवणारं खेळणं मला अजून दिसलेलं नाही. अर्धे दाणे पोटात जातात, ते जाऊ द्या.

त्यानंतर ओवणं, बोथट कात्रीने कातरणं, आणि ओल्या ब्रशने भिंतीवर ‘रंगवणं’, म्हणजे नुसतं पाणी. उभ्या भिंतीवर काम केलं की खांदा आणि मनगट आपोआप नीट वळतं. खडू देताना तोडून, बोटाच्या एका पेराएवढा तुकडा द्या. लांब खडू मूल मुठीत धरतं. तुकडा मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो. पेन्सिल येते ती या सगळ्याच्या नंतर, साधारण पाचव्या वर्षी, आणि तेव्हा ती फारशी शिकवावी लागत नाही.

एक सावधगिरी. तीन वर्षांच्या मुलांना चिंचोके, वाल, मणी देऊ नका. आमच्याकडे एकदा एकाने नाकात वालाचा दाणा घातला आणि दवाखाना गाठावा लागला. लहानग्यांना आंब्याच्या वाळलेल्या कोया, करवंट्या, डब्यांची मोठी झाकणं द्या. मटार सोलणंसुद्धा मोठ्या गटाचं, म्हणजे पाच वर्षांच्या मुलांचं काम, आणि तेही तुमच्या नजरेसमोर.

*मन आणि माणसं.* पहिले पंधरा दिवस हाच अभ्यासक्रम असतो. आईला मागच्या दाराने पळवून लावू नका. मूल फसवलं गेल्याचं लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट रडतं. आईने सांगून जावं, “डबा खाऊन झाला की मी दारात असेन,” आणि खरोखर असावं. सोबत आईचा रुमाल किंवा ओढणी ठेवू दिली तर फार उपयोग होतो. वेळेचं ‘एक तास’ त्यांना समजत नाही, ‘डबा झाल्यावर’ समजतं.

भावनांना शब्द द्या. आपली भाषा यात किती श्रीमंत आहे बघा: रुसणं, फुगणं, हिरमुसणं, कंटाळणं, चिडणं, घाबरणं, लाजणं. मूल ठोकळे फेकतं तेव्हा “असं करू नये” याच्याआधी “तुझा मनोरा पडला म्हणून तू चिडलास ना?” असं म्हणून बघा. ‘चिडलास’ हा शब्द मिळाला की काही आठवड्यांनी फेकण्याऐवजी सांगत येतं, “ताई, मी चिडलोय.” भांडण लगेच सोडवू नका. दोघांना समोरासमोर बसवून प्रत्येकाला आपलं म्हणणं सांगू द्या. निम्मी भांडणं सांगता सांगताच विरतात.

*भाषा.* घरची बोली हीच सुरुवात. आमच्या गटात दोघी लमाणी बोलणाऱ्या आहेत, एक हिंदी बोलणारा, आणि उरलेल्यांपैकी बरीच ‘व्हय’, ‘न्हाई’ म्हणणारी. त्यांना मध्येच तोडून “पानी नाही, पाणी म्हण” असं सांगू नका. तुम्ही फक्त उत्तरात “हो, पाणी हवंय का?” म्हणा. बरोबर रूप कानावर पडत राहतं आणि मुलाचं बोलणंही थांबत नाही. बाराव्या वेळी दुरुस्त केलेलं मूल तेराव्या वेळी गप्प बसतं. लमाणी मुलींकडून ‘पाऊस’, ‘भाकरी’, ‘आई’ यांना त्यांच्या घरी काय म्हणतात ते सगळ्या गटाने शिकून घेतलं, त्या दिवसापासून त्या दोघी बोलायला लागल्या.

रोज एक गोष्ट, आणि तीच गोष्ट आठवडाभर. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. पहिल्या दिवशी नुसती सांगा. दुसऱ्या दिवशी एक चूक करा, चिऊचं घर शेणाचं म्हणा. मुलं अंगावर धावून येतील. तिसऱ्या दिवशी विचारा, काऊला दारात उभं राहून कसं वाटलं असेल? चौथ्या दिवशी दोघांची घरं कणकेची करा. पाचव्या दिवशी मुलं नाटक करतील, आणि सगळ्यांना चिऊच व्हायचं असेल.

अक्षरांच्या आधी आवाज. मराठीत टाळ्यांचा खेळ छान जमतो, कारण आपलं अक्षर म्हणजे जवळजवळ एक उच्चार: क-म-ळ, तीन टाळ्या, पा-टी, दोन. स्वतःच्या नावापासून सुरू करा. मग ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू खोलीत शोधा. हे पक्कं झालं की अक्षर दाखवा, पण वर्णमालेच्या क्रमाने नको. क-ख-ग-घ-ङ हा क्रम तोंडात उच्चार कुठे आणि कसा होतो त्यावरून लावलेला आहे. मोठ्या माणसाला त्यातली रचना बघून आनंद होतो. लहान मुलाला पाचव्या अक्षरालाच ‘ङ’ भेटतो, ज्याने सुरू होणारा शब्द त्याने कधी ऐकलेला नसतो. जुन्या शिक्षकांनी ‘ग म भ न’ असा गट लावला तो उगीच नाही. चारही अक्षरांना उभी रेघ आहे, वळणं जवळची आहेत, आणि चारच अक्षरांत मन, मग, नग, गगन असे शब्दही होतात. पण हे सगळं मोठ्या गटाला, पाच वर्षांनंतर. आणि सगळ्यात पहिलं अक्षर मुलाच्या स्वतःच्या नावातलं.

*विचार आणि गणित.* सुट्टीत एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातू एक ते शंभर धडाधड म्हणतो, असं कौतुक. म्हणाला खरंच. मी समोर चिंचोक्यांची वाटी ठेवली आणि म्हटलं, “मला चार दे.” त्याने ओंजळ भरून दिले. त्याचा दोष नाही. त्याला शंभर शब्दांचं गाणं येत होतं, संख्या येत नव्हत्या.

क्रम असा ठेवा. आधी वर्गवारी: पानं वेगळी, खडे वेगळे. मग लहान-मोठी पानं. मग जोड्या: जेवढी मुलं तेवढ्या ताटल्या, एकाला एक. मग क्रमवारी: पाच काड्या लहान ते मोठ्या. मग मोजणी, एकेका वस्तूला हात लावत, आणि शेवटी “मग किती झाले?” हा प्रश्न. पुन्हा पहिल्यापासून न मोजता मुलाने “चार” म्हटलं, की समजा संख्या कळली. रिकामी वाटी दाखवून शून्य शिकवा. मापं घरचीच: वाटी, ओंजळ, चिमूट, वीत, पाऊल.

मराठी संख्यानामं अवघड आहेत हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, म्हणून मुलं ५२ लिहितात. ‘एकोणतीस’मध्ये तर एक, ऊन आणि तीस. म्हणजे तिसाला एक कमी, पण लिहायचे दोन आणि नऊ! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात न पडता बालवाडीपुरतं सांगते: लहान गटाला तीन-चारपर्यंत, मधल्या गटाला पाच ते दहापर्यंत, मोठ्या गटाला वीसपर्यंत, पण हातात वस्तू घेऊन. शंभरची घाई कुणालाच नाही.

परिसराची ओळख याच क्षेत्रात येते. मुंग्यांच्या रांगेत साखर ठेवून पंधरा मिनिटं बघत बसणं हा विज्ञानाचा उत्तम पाठ आहे, आणि ताईलाही तेवढीच विश्रांती.

*कला.* थोडक्यात सांगते. आंब्याचं छापील चित्र देऊन पिवळा रंग भरायला लावणं म्हणजे कला नव्हे. गणपतीत भिंतीवर पंचवीस एकसारखे मोदक लागलेले दिसले की समजावं, ते ताईंनी रात्री जागून केलेत. कागद, रंग, चिंध्या, पानं द्या आणि बाजूला व्हा. “हे काय काढलंस?” ऐवजी “याबद्दल सांग ना” म्हणा.

*सवयी.* पाळी येईपर्यंत थांबणं, घेतलेलं जागेवर ठेवणं, एकदा फसलं तर पुन्हा करून बघणं. यांचा तास नसतो. त्या पुढच्या पायरीत, खोलीच्या मांडणीत शिकवल्या जातात.

पायरी तिसरी: खोली मांडा

आमची खोली दहा बाय बाराची आहे. कोपरे करायला कोपरे पुरत नाहीत, म्हणून आम्ही ते पेट्यांत ठेवले. भातुकलीची पेटी, ठोकळ्यांची पेटी (सुताराकडचे लाकडी तुकडे, पॉलिश पेपरने घासून), चित्रांची पेटी, पुस्तकांची टोपली, आणि बाहेर वाळू-पाण्याची घमेली. पाच सतरंज्या टाकल्या की पाच कोपरे. प्रत्येक पेटीवर आतल्या वस्तूंचं चित्र. आवरताना मूल चित्र बघून वस्तू ठेवतं. वाचनाची सुरुवात इथे होते, तुम्हाला काही करावं लागत नाही.

सगळं सामान एकदम काढू नका. निम्मं कपाटात ठेवून महिन्याने बदला. जुनीच बाहुली परत आली की नव्यासारखा आनंद होतो. पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशीच ठेवा, फाटली तरी. कपाटात बंद असलेलं पुस्तक फाटत नाही, पण उपयोगाचंही नसतं.

पायरी चौथी: दिवस आखा

तीन तासांचा दिवस धरते. आल्यावर पहिली दहा मिनिटं चपला लावणं, दप्तर ठेवणं, आपल्या नावाची चिठ्ठी हजेरीच्या दोरीवर अडकवणं. मग गोल करून गप्पा आणि गाणी, पंधरा मिनिटांच्या वर नाही. मुलं वळवळायला लागली की तुमचं चुकलंय, त्यांचं नाही. त्यानंतर कोपऱ्यांतला मुक्त खेळ, किमान चाळीस मिनिटं. मध्ये तोडू नका. खेळ रंगायलाच पंधरा मिनिटं लागतात. मग आवरणं, हात धुणं आणि डबा. डब्यानंतर अंगणात धावपळ, अर्धा तास. परत आल्यावर छोट्या गटांत ताईने ठरवलेला एक उपक्रम, वीस मिनिटं. शेवटी गोष्ट, आणि दारात प्रत्येकाला नावाने “उद्या ये हं.”

उरलेला वेळ सांडलेलं पुसण्यात, शू-शीत आणि रडणाऱ्याला मांडीवर घेण्यात जातो. तो वाया गेला असं समजू नका.

एक धावपळीचं, मग एक शांत, असा झोका ठेवलात की बरीचशी शिस्त आपसूक येते. वेळा पुढे-मागे झाल्या तर चालतात, क्रम बदलू नका. मुलं घड्याळ बघत नाहीत, ‘यानंतर ते’ एवढंच धरून असतात.

पायरी पाचवी: पंधरवड्याचा एक विषय

विषय मुलांनी पाहिलेला असावा. समुद्र न पाहिलेल्या मुलांना ‘सागरी जीव’ कशाला? आमचा दरवर्षी हमखास जमणारा विषय म्हणजे आठवडी बाजार.

पहिल्या दिवशी गप्पा: बाजारात कोण गेलं होतं, काय पाहिलं, कशाचा वास आला. दुसऱ्या दिवशी खरोखर बाजारात. दोन आया सोबत, मुलांनी दोरीला धरलेलं, प्रत्येक गटाकडे दहा रुपये. काय घ्यायचं ते गटाने ठरवायचं. एकदा एका गटाने दहा मिनिटं वाद घालून शेवटी कोथिंबिरीची जुडी घेतली, कारण “तिचा वास येतो.” तिसऱ्या दिवशी आणलेल्या भाज्यांची वर्गवारी: जमिनीखालच्या-वरच्या, गुळगुळीत-खरबरीत, डोळे मिटून वासाने ओळखायच्या. चौथ्या दिवशी कापलेल्या भेंडीचे ठसे. पाचव्या दिवशी सगळ्यांनी मिळून कोशिंबीर. मोठा गट बोथट सुरीने काकडी कापतो, लहान गट कोथिंबीर तोडतो.

दुसऱ्या आठवड्यात खोलीतच बाजार भरतो. करवंट्यांचा तराजू, चिंचोक्यांचे पैसे (ते मोठ्या गटाकडेच), खोक्यांची दुकानं, प्रत्येक दुकानावर मुलांनी काढलेली पाटी. पाटीवर कुणी नुसत्या वळवळीत रेषा काढल्या आणि म्हणालं, “इथे ‘टमाटे’ लिहिलंय,” तर ते लेखनच आहे. लिहिलेल्यात अर्थ असतो हे त्याला कळलं. अक्षरं मागून येतील.

शुक्रवारी वही उघडा, पहिल्या पायरीतली वाक्यं काढा आणि या पंधरवड्यात जी दिसली त्यांच्यापुढे खूण करा. कुठलं क्षेत्र कोरडं राहिलं ते लगेच दिसतं. माझं संगीत नेहमी कोरडं राहायचं, कारण मला गाता येत नाही. मग एका मुलाच्या आजीला बोलावायला लागले. त्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात आणि मुलं डोलतात.

पायरी सहावी: परीक्षा नको, नोंद हवी

या वयात तोंडी-लेखी परीक्षा घ्यायची नाही, हे आराखड्यातही स्पष्ट आहे. त्याऐवजी रोज तीन मुलांवर नजर ठेवा आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहा. चोवीस मुलं असली तरी आठ दिवसांत सगळ्यांची पाळी येते. जे पाहिलं ते लिहा, मत लिहू नका. ‘हुशार आहे, पण खोडकर’ या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. ‘सहा ठोकळ्यांचा पूल केला, तीनदा पडला, चौथ्यांदा खाली रुंद ठोकळा लावला’ ही नोंद तीन महिन्यांनी वाचली तरी मूल डोळ्यांसमोर उभं राहतं.

नोंदींतून काळजीच्या गोष्टीही कळतात. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलत नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, पुस्तक अगदी नाकाशी धरत असेल, तर “होईल हळूहळू” म्हणून सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्यांना दाखवा. खासगी बालवाडी असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. पालकांना एकटं बोलावून सांगा, आणि कुठल्याही दोषाचं नाव न लावता सांगा: “मला असं असं दिसलं.” निदान करणं आपलं काम नाही.

पायरी सातवी: पालकांना आत घ्या

पालकसभेत भाषण करून फरक पडत नाही, हे मी अनेक वर्षं घसा कोरडा करून शिकले. आता आम्ही आयांना आणि बाबांना खाली सतरंजीवर बसवतो आणि डावा हात (डावखुऱ्यांना उजवा) वापरून एक ओळ लिहायला लावतो. हसतात, मग बोटं दुखतात, अक्षर वेडंवाकडं येतं, मग कुणीतरी कागदच लपवतं. तेव्हा सांगते, तुमच्या मुलाला रोज गिरवताना असंच वाटतं. याहून जास्त बोलावं लागत नाही.

मग घरची कामं वाटून देते. मेथी निवडताना मुलाला शेजारी बसवा. धुतलेले मोजे जोडीने लावू द्या. पोळीच्या कणकेतला गोळा द्या. झोपताना मोबाइल बाजूला ठेवून एक गोष्ट, तुमच्या लहानपणची असली तरी चालेल. दुसऱ्या शाळेतल्या मुलाची भरलेली वही दाखवून “तिकडे बघा किती लिहून घेतात” म्हणणारं कुणीतरी दरवर्षी असतंच. त्यांना मी आपल्या मुलाची नोंदवही वाचायला देते.

पायरी आठवी: पहिलीच्या बाईंना चिठ्ठी

एप्रिलमध्ये मोठ्या गटातल्या प्रत्येक मुलासाठी एक पान लिहा, पहिलीला शिकवणाऱ्यांसाठी. गुण नकोत, श्रेणी नको. काय येतं, काय आवडतं, कशाने बिनसतं. आमच्याकडची गेल्या वर्षीची एक चिठ्ठी, नाव काढून, देते:

“चिंचोके दहापर्यंत न चुकता देते. नावातली तीनही अक्षरं काढते, त्यातलं मधलं कधी कधी उलटं. डाव्या हाताने लिहिते, कृपया बदलू नये. घरी लमाणी बोलतात. पहिले काही दिवस गप्प राहील, पण सगळं ऐकत असते. मोठ्याने रागावलं की दोन दिवस बोलत नाही. मुंग्या दाखवल्या की खुलते. मटार सोलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही.”